चाकांवरच्या घराचं वजन

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दर तीन वर्षांनी त्यांची बदली व्हायची. बदलीचा कागद आला की आई डबे पोत्यांत भरायची, वडील खाटेचे नट सोडवायचे आणि दोन दिवसांत आमचं सगळं घर एका ट्रकमध्ये चढायचं. अकरावीपर्यंत मी पाच शाळा पाहिल्या. नातेवाइकांना वाटायचं, पोरीचे हाल होतायत. माझं उलट होतं. एका गावात तिसरा उन्हाळा लागला की मला चैन पडायचं नाही. मीच वडिलांना विचारायची, "यंदा कागद नाही का आला?"

मग लग्न झालं आणि मी बोईसरला आले. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. नवरा औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. मूळचा वाणगावच्या पुढच्या एका वाडीतला. शेती सोडून बाहेर पडलेला घरातला पहिलाच, आणि बाहेर पडून जिथे टेकला तिथून तसूभर हलायला तयार नसलेला. स्टेशनपासून वीस मिनिटांवर आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिली तीन वर्षं बरी गेली. चौथ्या वर्षी मी कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं. पाचव्या वर्षापासून दर महिन्याला खाटेची जागा बदलू लागले. नवरा कामावरून यायचा आणि कपाटाला धडकायचा.

"तुला जागा नाय पुरत का?" तो विचारायचा.

"पुरते."

"मंग?"

मी स्टोव्ह पेटवायला उठायची. रविवारी भाजीची पिशवी घेऊन निघायची आणि एसटी स्टँडवर उभी राहून पाट्या वाचायची. जव्हार, वाडा, नाशिक. बस सुटली की पुढच्या बसची पाटी. अर्ध्या तासाने भान यायचं, मग वांगी घेऊन परत. मूल झालं नाही. ती गोष्ट वेगळी आहे, इथे नको.

लग्नाआधी मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. त्यावर वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये ड्रॉइंग काढायची नोकरी मिळाली. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचो, पाण्याचे टँकर बनवायचो, जनरेटर वाहून नेणारे ट्रेलर बनवायचो. मी कागदावर काढलेली वस्तू महिन्याभरात चाकं लावून शेडच्या फाटकातून निघून जायची. कोणी चारोटीला न्यायचं, कोणी पार वापीला. मी फाटकापर्यंत सोडायला जायची. मालकांना वाटायचं, बाई कामात फार लक्ष घालते.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. एका सोमवारी शेडच्या दाराशी जीप थांबली. उतरलेल्या गृहस्थांचं वय साठीच्या आसपास होतं, केस पांढरे, आणि बूट इतके स्वच्छ की लोखंडाच्या किसातून ते पाय उचलून उचलून चालत होते. मालक त्यांच्याशी पाच मिनिटं बोलले आणि हसू दाबत त्यांना माझ्या टेबलापाशी घेऊन आले.

"मॅडम, साहेबांना घर पाहिजे. जीपच्या मागे जोडायचं. तुम्ही बघा जरा."

मालकांनी ती थट्टा समजून माझ्याकडे ढकलली होती. मी मात्र असं घर आधी पाहिलेलं होतं, कागदावर. तारापूरच्या कॉलनीत कधीकाळी परदेशी इंजिनियर राहून गेले होते, त्यांची जुनी मासिकं रद्दीवाल्याकडे यायची. त्यातल्या एकात मोटारीमागे जोडलेलं घर होतं. खिडकीला पडदा, दारात दोन पायऱ्या. मी ते पान कितीदा पाहिलं होतं त्याला गणती नाही. चाकं कुठे आहेत, दार कोणत्या बाजूला आहे, स्वयंपाकाचा धूर कुठून जातो, सगळं मी मनात उलगडून ठेवलं होतं.

"एक ॲक्सल की दोन?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले. "दोन महिने मी भिवंडीपासून विचारत फिरतोय," ते म्हणाले. "सगळ्यांनी पहिला प्रश्न विचारला, कशाला."

ते वैमानिक होते. आधी हवाई दलात आणि नंतर बारा वर्षं एका कारखानदाराच्या खाजगी जेटवर. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि वेळेआधीच उडणं थांबलं. वाणगावजवळ चिकूची वाडी आणि त्यात टुमदार घर बांधून ते बायकोबरोबर तिथे राहायला आले होते. घरात राहणं काही जमत नव्हतं.

"खाजगी विमानाचा वैमानिक उडतो कमी, थांबतो जास्त," ते मला म्हणाले. "मालकांची मीटिंग चार तास, म्हणजे आम्ही चार तास विमानाच्या सावलीत. असे किती विमानतळ झाले. पण गाव म्हणून मी एकही पाहिलं नाही. भावनगर म्हटलं की मला धावपट्टी आठवते, आणि कडेला चरणारी एक म्हैस."

त्यांचं म्हणणं मला पटलं असं नाही म्हणणार. ते मला ओळखीचं वाटलं. आम्ही त्यांना कॅप्टनसाहेब म्हणू लागलो.

पुढचे दोन महिने ते आठवड्यातून तीनदा यायचे. मी रेघ ओढत असले की ते टेबलाभोवती फेऱ्या मारायचे. ते बसले की मी उठायची. आमचा वेल्डर मिस्त्री जौनपूरकडचा होता. तो एकदा काच वर करून म्हणाला, "आप दोनों में से कोई एक तो बैठ जाओ, मेरी नज़र हिलती है."

मी त्यांना ट्रेलर शिकवला. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कसे लावायचे, ड्रॉबार म्हणजे जीपच्या हुकात अडकणारा पुढचा दांडा किती लांब ठेवायचा, मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला का वळवायचं. त्यांनी मला विमान शिकवलं. जेटच्या केबिनमध्ये कप ठेवायच्या खणाला खटका कसा असतो, सीटखाली काय बसवतात, दार बंद झाल्यावर कानाला काय होतं. ते बोलताना हातांनी दाखवायचे आणि मी ते कागदावर उतरवायची. त्यातून आमच्या घराचे खण आले, घडीची खाट आली, भिंतीत दुमडणारं टेबल आलं. त्यांना आनंद झाला की ते आवाज चढवायचे नाहीत, उलट हळू बोलायचे. मग मीही हळू बोलायची, आणि शेडमध्ये ग्राइंडर चालू असताना आम्ही दोघं पुटपुटत उभे असायचो.

त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात विमानात चढणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन आणि जागा लिहायची त्यांची सवय. तशीच वही त्यांनी या घरासाठी केली. स्टोव्ह, गादी, पाणी, पत्रा, अगदी पडद्यांचे गज.

"किती वजन आहे हा अर्धा प्रश्न," ते म्हणायचे. "कुठे आहे, हा उरलेला अर्धा. विमान जड झालं तर उडायला धावपट्टी जास्त लागते. पण वजन मागे गेलं तर उडाल्यावर ते तुमचं ऐकत नाही."

त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणायची. त्या पहिल्यांदा शेडमध्ये आल्या त्या दिवशी सांगाडा उभा राहिला होता. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं मी फोनजवळ बसून काढली. उतरलो म्हणून फोन यायचा, मग मी जेवायची. आता कुठे हा माणूस घरी आला, तर घरालाच चाकं लावतोय."

"तुम्हाला नको असेल तर सांगा ना त्यांना."

"नको असं नाही," त्या म्हणाल्या. "पण मला ओटा हवा. उभं राहून स्वयंपाक करायला. खाली बसून मी करणार नाही."

तो ओटा मी त्यांना दिला. पुढच्या बाजूला ओटा बसवायचा तर तिथली पाण्याची टाकी उचलावी लागत होती. मी ती मागे नेली, मागच्या खिडकीखाली. कॅप्टनसाहेब त्या आठवड्यात डोळ्यांच्या उपचारासाठी मुंबईला होते. आल्यावर सांगू असं ठरवलं आणि सांगितलं नाही. खरं सांगायचं तर, त्यांनी वही उघडली असती, पुन्हा हिशोब झाला असता आणि घर बाहेर पडायला अजून दोन आठवडे गेले असते. मला ते दोन आठवडे सोसवले नसते.

घरी मी या कामाबद्दल बोलायची तेव्हा नवरा भाताकडे बघत ऐकायचा. एकदा म्हणाला, "दोन खोल्यांत तुझा जीव लागत नाय. ती एकच खोली हाय."

"पण ती जाते."

"आन् जाऊन?"

"जाऊन दुसरीकडे थांबते."

"मंग थांबायचंच हाय तर हितं काय वाईट हाय?" त्याने ते भांडण म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

घर तयार झालं ते थंडीत. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवूड, चार खिडक्या. चाचणीला आम्ही चिल्हार फाट्याकडे जाणारा रस्ता धरला. जीप कॅप्टनसाहेब चालवणार, शेजारी काकू, मागच्या बाकावर मी आणि मिस्त्री. चालत्या घरात कोणी बसायचं नाही, हे त्यांनी सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. टाकी पाऊण तरी भरायची, म्हणजे खरं वजन कळेल, हेही त्यांनीच सांगितलं होतं. टाकी ओट्याखालीच आहे असं त्यांना वाटत होतं. निघताना मी मिस्त्रीला म्हटलं, मी मालकांच्या स्कूटरवरून मागून येते. आणि सगळे जीपमध्ये बसल्यावर मी घराचं दार उघडून आत शिरले.

त्या वेळी डोक्यात काय होतं ते मला आजही नीट आठवतं. मला फक्त एकदा आत बसून घर हलताना बघायचं होतं. मागच्या खिडकीपाशी, टाकीच्या झाकणावर मी बसले. बोईसरचा रस्ता माझ्यापासून लांब जाऊ लागला. सायकलवाले, रिक्षांची रांग, कंपनीची बस, नंतर भाताची मोकळी शेतं आणि गवताच्या गंजी. सात-आठ वर्षं मी त्या गावातून कुठे हलले नव्हते आणि आता तेच गाव हळूहळू बारीक होत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे काय होतंय याकडे माझं लक्षच नव्हतं.

उतार लागला. जीपचा वेग थोडा वाढला आणि घराचं शेपूट डावीकडे गेलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. टाकीतलं पाणी माझ्याखाली धडका देत होतं. ओट्यावरचा स्टोव्ह निसटला. मी खिडकीच्या चौकटीला धरलं, हात सुटला आणि मी समोरच्या भिंतीवर आदळले. कॅप्टनसाहेबांनी ब्रेक मारला नाही. मारला असता तर घर जीपवर चढलं असतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी पाय फक्त ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. घर दोनदा-तीनदा हेलकावलं, एक चाक रस्त्याखाली उतरलं आणि ते शेताच्या बांधाला टेकून तिरकं थांबलं.

दार उघडलं तेव्हा बाहेर ते उभे होते. मला आत बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मिस्त्रीने मला उचलून बाहेर काढलं. उजवं मनगट विचित्र वळलं होतं. काकूंनी स्वतःच्या पदराने ते छातीशी बांधलं. कॅप्टनसाहेब आत गेले, ओट्याखाली वाकून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं, आणि बाहेर आले.

"टाकी मागे आहे," ते म्हणाले.

"मी हलवली."

"आणि तुम्ही तिच्यावर बसला होतात."

मी मान हलवली.

"आत कोण आहे, कुठे आहे, हे चालवणाऱ्याला माहीत नसेल तर चालवणारा आंधळा असतो," ते शांतपणे म्हणाले. "माझे डोळे अधू आहेतच. तुम्ही ते पूर्ण काढून घेतलेत." आणि घर तिथेच सोडून त्यांनी मला जीपने पालघरच्या दवाखान्यात नेलं.

हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. नवरा दवाखान्यात कंपनीच्या कपड्यांतच आला, बाह्यांवर निळा रंग. माझ्याशेजारी बाकावर बसला. मला वाटलं, आता रागावेल. त्याने प्लास्टरच्या कडेला बोट लावून पाहिलं.

"लय लागलं का?"

"नाही."

"तू स्कूटरवरनं येनार व्हतीस म्हनून मिस्त्री सांगत व्हता."

मग मी त्याला सगळं सांगितलं. एसटी स्टँडवर पाट्या वाचायला जाते तेही. इतक्या वर्षांत हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मी रडत होते आणि समोरच्या बाकावरचा पेशंट आमच्याकडे टक लावून बघत होता. नवरा म्हणाला, "सांगायचं ना. मी कपाटाला धडकत बसलो."

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. पेन्सिल धरता येत नव्हती, कामावर जाता येत नव्हतं, खाटसुद्धा हलवता येत नव्हती. मी दारापासून मोरीपर्यंत चालायची आणि मोरीपासून दारापर्यंत. शेजारीण म्हणाली, लादी झिजेल. दहाव्या दिवशी संध्याकाळी कॅप्टनसाहेब आमच्या खोलीवर आले. हातात ती वही. काकूही बरोबर होत्या, त्यांनी चिकूंची पिशवी आणली होती.

मला वाटलं, ते काम दुसऱ्याकडे देतोय हे सांगायला आले असतील. त्यांनी वही खाटेवर उघडली.

"माझीही चूक आहे," ते म्हणाले. "उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारून सगळं हाताने तपासायचं असतं. तीस वर्षं मी एकदाही चुकवली नाही. त्या दिवशी चुकवली, कारण मला घाई झाली होती. तुमच्याइतकीच." मग पेन्सिल माझ्याकडे करून, प्लास्टर बघून, त्यांनी ती तशीच हवेत धरली. "काढणार कोण?"

माझा नवरा चहा घेऊन उभा होता. त्याने कप ठेवले आणि पेन्सिल घेतली.

"मना रेघ सरळ येत नाय," तो म्हणाला. "पन तू सांग."

मी सांगत गेले आणि तो फुटपट्टी दाबून रेघा ओढत गेला. जीभ दातांत धरून. कॅप्टनसाहेब आकडे वाचत होते. टाकी पुढे घ्यायची, चाकांच्या किंचित पुढे, ओट्याच्या आणि खाटेच्या मध्ये. ओटा राहणार होता. काकूंनी ते आधीच बजावलं होतं. टाकीची चौकट काढता काढता नवऱ्याचा हात थांबला.

"आत भिंती किती?"

"कसल्या भिंती?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"टाकी अर्धी झाली की पानी लाट मारतं. आमच्याकडे येवढाल्या टाक्या हायत, आमी रोज बघतो. हिकडून हात दिला की तिकडं जाऊन आपटतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी टँकरात भोकं पाडलेले पत्रे टाकता ना आडवे? मंग हिच्यात का नाय टाकले?"

शेकडो टँकर काढले होते मी. प्रत्येकात ते पत्रे होते. पण ही घराची टाकी, पिण्याच्या पाण्याची, म्हणून माझ्या मनात तो विचारच आला नव्हता.

कॅप्टनसाहेबांनी वही माझ्या नवऱ्यापुढे सरकवली. "विमानाच्या पंखात इंधन असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तिथेही अशाच भिंती असतात." आणि मग ते दोघं टाकीवर बोलत बसले. पंखातलं इंधन एका बाजूचं आधी संपलं तर काय करतात, रंगाच्या टाकीत ढवळणी किती वेगाने फिरते. काकू आणि मी चिकू कापून खात होतो. निघताना काकू म्हणाल्या, "आणखी एक मिळाला हो यांना."

प्लास्टर निघालं, घर पुन्हा बाहेर पडलं. या वेळी फाट्यापर्यंत जाऊन परत येईपर्यंत ते कुठे हेलकावलं नाही. पासिंगच्या वेळी कागदावर याला काय म्हणायचं यावर बराच खल झाला. ट्रॉली म्हणावं तर माल नाही, बस म्हणावं तर इंजिन नाही. शेवटी आरटीओच्या साहेबांनी स्वतः आत चढून ओटा पाहिला, नळ सोडून पाहिला आणि कागदावर सही केली.

त्यानंतर कॅप्टनसाहेबांना एकच सुचत होतं, ते घर जुन्या सोबत्यांना दाखवायचं. नवऱ्याने रजा घेतली. आम्ही चौघं जीपने मुंबईला गेलो, घर मागे. विमानतळाच्या कडेच्या रस्त्यावर, हँगरच्या मागच्या फाटकाशी ते उभं केलं. पाच-सहा वैमानिक बाहेर आले, पांढरे शर्ट, खांद्यावर पट्ट्या. आधी हसत होते. मग एक आत गेला. तो बाहेर येईना म्हणून दुसरा गेला. थोड्या वेळाने सगळे आत होते आणि खण उघडण्या-मिटण्याचे आवाज येत होते. एकाने ड्रॉबारवर किती भार येतो ते विचारलं. मी सांगितलं. त्याने मनात काहीतरी पडताळून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर." एकाने घडीची खाट पाडली आणि बुटांसकट तिच्यावर आडवा झाला. काकूंनी त्याला उठवलं.

मग पास काढून आम्हाला आत नेलं. ते जेट मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान होतं. मान वाकवूनच चढावं लागलं. आठ खुर्च्या, मऊ कातड्याच्या, आणि कॅप्टनसाहेबांनी हातांनी दाखवलेले ते खण. मी खटका दाबला, खण सरकला. मी काढला होता अगदी तसाच. मी खुर्चीत बसले. खिडकी ताटाएवढी. नवरा समोरच्या खुर्चीत गुडघे जुळवून बसला होता.

"कसं वाटतं?" कॅप्टनसाहेबांनी मला विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "छान आहे. पण ह्यातून उतरून मधेच थांबता येणार नाही."

ते हसले. मग पुढे जाऊन त्यांच्या जुन्या जागेवर बसले आणि दहा मिनिटं तिथून उठले नाहीत. काकू बाहेर पायऱ्यांपाशी उभ्या होत्या. आम्हीही उतरलो आणि थांबलो.

दोन हिवाळे कॅप्टनसाहेब आणि काकू त्या घरातून फिरले. कधी मुरबे गावाच्या किनाऱ्यावर, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात आठ दिवस, कधी थेट कोल्हापूरच्या पुढे. मला पत्रं यायची. पत्रात गाव कमी आणि टायरचा दाब जास्त. तिसऱ्या वर्षी काकू शेडमध्ये आल्या. कॅप्टनसाहेबांचे डोळे आता रस्त्यालाही पुरत नव्हते, आणि ते कबूल करत नव्हते.

"तू जीप शीक," काकू म्हणाल्या. "तू चालवलीस तर तो बाजूला बसेल. दुसऱ्या कोणाशेजारी नाही बसायचा."

मी छत्तीस वर्षांची होते. शिकवलं कॅप्टनसाहेबांनीच, चिकूच्या वाडीत, झाडांच्या दोन रांगांच्या मधून. ते वाईट शिक्षक होते, एक चूक दोनदा सांगायचे नाहीत. पुढचे तीन हिवाळे, दरवर्षी पंधरा-पंधरा दिवस, मी ते घर ओढून नेलं. निघायच्या आधी ते घराभोवती फेरी मारायचे आणि प्रत्येक नटाला, प्रत्येक टायरला हात लावायचे, बोटांनी बघत. मग शेजारी बसून म्हणायचे, "रस्ता सांगा." मी सांगायची. उजवीकडे ओढा, डावीकडे बैलगाडी, पुढे चढ. नवरा त्या दिवसांत एकटा भात शिजवायचा आणि मी परतले की कपाट आपल्याच मनाने दुसऱ्या भिंतीला नेलेलं असायचं. मी विचारलं तर म्हणायचा, तुला बरं वाटंल म्हनून.

मला बरं वाटायचं, आठवडाभर. मग पुन्हा नकाशा. तीन हिवाळ्यांत एवढंच कळलं की फिरल्याने माझी तहान भागत नाही, उलट वाढते. हे मी कॅप्टनसाहेबांना एकदा म्हटलं. ते म्हणाले, त्यांचंही तसंच, आणि त्यावर औषध शोधायचं त्यांनी पन्नाशीत सोडून दिलं.

ते गेले ते नव्वदनंतर, वाडीतल्या घरातच, झोपेत. काकूंनी वर्षभराने ते चाकांवरचं घर आम्हाला देऊ केलं. आम्ही तेव्हा पालघरला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो होतो. ते ठेवायचं कुठे? आणि ओढायला जीपही नव्हती. मग काकूंनी ते एका दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला दिलं. विक्रमगडच्या बाजूच्या पाड्यांवर डॉक्टर त्यातून जायचे. ओट्यावर औषधं, घडीच्या खाटेवर पेशंट.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी आणि नवरा एसटीने ते बघायला गेलो. एका पाड्याच्या बाहेर, मोहाच्या झाडाखाली ते उभं होतं. बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत बसल्या होत्या. पत्र्याला एका बाजूला पोचा आला होता, पडदे बदलले होते. मी पायरीवर पाय ठेवला तशी नर्सबाई आतून म्हणाली, "नंबर लावा. मधे यायचं नाय."

मी सांगणार होते, हे मी काढलंय. नवऱ्याने माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही बाजूला झालो. रांगेतल्या एका म्हातारीने सरकून आम्हाला सावलीत जागा दिली. "पोट दुखतं का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग हात?" मी पुन्हा नाही म्हटलं. ती जरा नाराज झाली.

दुपारी घर पुढच्या पाड्याला निघालं. ड्रायव्हर नवखा होता, पण वळण बरोबर घेतलं. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभे होतो, मग चालत फाट्यावर आलो. पालघरची बस यायला दोन तास होते. तेवढ्यात उलट्या बाजूने वाड्याची बस आली आणि थांबली. दार उघडं होतं. मी पाटी वाचली आणि पुन्हा वाचली. उद्या नवऱ्याला फर्स्ट शिफ्ट होती, घरी दूध ओट्यावर तसंच ठेवलेलं होतं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग बसकडे.

"वाड्यावरनं परत गाडी असंल ना?" त्याने कंडक्टरला विचारलं.

"बघा आता," कंडक्टर म्हणाला. "चढताय का?"

आम्ही चढलो.